'एसी लावा आणि बाकीचं विसरा' म्हणणाऱ्यांना

एक मजकूर सध्या पुन्हा फिरतोय. उकाडा वाढला की तो उगवतो. चार शब्द इकडचे तिकडे होतात, सूर तोच. त्याचा गोषवारा असा: "हवामान बदल ही कारखान्यांची आणि गाड्यांची करणी, घरांचा त्यात काय दोष? उकडतंय तर एसी लावा. जुन्या इमारती पाडून नव्या हरित इमारती बांधा. पाणी तुंबतंय तर गटारं मोठी करा. गच्च्या पांढऱ्या करणं, झाडं लावणं, शेजाऱ्यांच्या बैठका घेणं हा रिकामटेकड्यांचा विरंगुळा आहे. संकट आलं की शेवटी यंत्रणाच वाचवते."

यातलं प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर थोडंफार पटतं. म्हणून तर लोक पुढे पाठवतात. पण हिशेब मांडायला बसलं की एकेक ओळ उसवत जाते.

"घरांचा काय दोष?"

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार 2021 साली ऊर्जा आणि औद्योगिक प्रक्रियांतून बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे 37 टक्के वाटा इमारतींचा होता: त्या चालवण्याचा आणि त्यांच्यासाठी सामान बनवण्याचा. हा वाटा डोळ्यांना दिसत नाही, कारण धूर दुसरीकडे निघतो. खोलीतल्या दिव्याचा कोळसा वीजकेंद्रात जळतो आणि पाप वीजकेंद्राच्या खात्यात जातं.

सिमेंटचं प्रकरण तर आणखी अवघड. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी 7 ते 8 टक्के एकट्या सिमेंटचा. त्यातला निम्म्याहून अधिक इंधनाचा नाहीच. चुनखडी भाजली की तिच्यात कोंडलेला वायू सुटतो, तो हा. म्हणजे उद्या भट्टी स्वच्छ विजेवर चालवली तरी हा वायू निघायचा तो निघणारच. मजकूर लिहिणाऱ्याने 'कारखाना' आणि 'घर' अशी दोन खाती पाडलीत, पण ती भट्टी पेटते कोणासाठी?

"उकडतंय तर एसी लावा"

इथे आधी एक कबुली. एसीला शिव्या घालणाऱ्या पर्यावरणप्रेमींशी माझं जमत नाही. 2021 च्या जूनअखेर कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उष्णतेची लाट आली आणि 619 माणसं दगावली. चौकशीत दिसलं की त्यातली 98 टक्के घराच्या आतच उष्माघाताने कोसळली होती, निम्म्याहून अधिक एकटी राहत होती आणि बहुतेकांकडे गारव्याची सोयच नव्हती. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आजारी म्हाताऱ्या माणसाला 'एसी नको, पृथ्वीचा विचार करा' असं सांगणं मला क्रूर वाटतं.

प्रश्न एसीचा नाही, 'बाकीचं विसरा' याचा आहे.

एसी उष्णता नष्ट करत नाही. ती खोलीतून उचलून रस्त्यावर टाकतो, वर स्वतःच्या यंत्राची उष्णता त्यात मिसळतो. अमेरिकेतल्या फीनिक्स शहराच्या अभ्यासात असं दिसलं की एसींनी बाहेर फेकलेल्या उष्णतेमुळे रात्रीचं तापमान काही ठिकाणी 1 अंश सेल्सिअसहून अधिक वाढतं. ज्याच्या घरात एसी नाही त्याच्या खिडकीतून तीच झळ आत येते. शिवाय यंत्रात फिरणारा वायू. आर-410ए हा बऱ्याच एसींमधला वायू 1 किलो गळला तर तापमानवाढीच्या हिशेबात तो 2 टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतका पडतो. असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा करार 2016 मध्ये रवांडातल्या किगालीत झाला. प्रोपेनवर चालणारी यंत्रं निघाली आहेत, त्यांच्या वायूचा हा भार नगण्य असतो. पण जुनं यंत्र भंगारात देताना त्यातला वायू कोणी नीट काढून घेतो का, हे विचारणारे ग्राहक मी फार पाहिलेले नाहीत.

आणि वीज गेली तर? 2017 च्या सप्टेंबरमध्ये इर्मा चक्रीवादळात फ्लोरिडातल्या एका वृद्धाश्रमाच्या वातानुकूलनाची वीज गेली. वादळ येऊन गेलं, छप्पर शाबूत राहिलं, पण आतल्या उकाड्याने 12 वृद्धांचा जीव घेतला. नुसत्या यंत्रावर विसंबलेली बंद इमारत वीज गेल्यावर किती तास राहण्याजोगी उरते, हा प्रश्न घर घेताना कोणी विचारत नाही. चटईक्षेत्र मात्र इंचाइंचाने मोजतात.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी ऊन काचेच्या बाहेर अडवायचं. आतल्या पडद्याने उजेड कमी होतो, उष्णता मात्र तोवर काच ओलांडून घरात आलेली असते. बाहेरून खिडकीवर सावली धरली तर फरक किती पडतो? अमेरिकी ऊर्जा खात्याचे आकडे सांगतात की कापडी छतामुळे दक्षिणेच्या खिडकीतून येणारी सूर्याची उष्णता 65 टक्क्यांपर्यंत आणि पश्चिमेच्या खिडकीतली 77 टक्क्यांपर्यंत कमी होते. त्यातही एक मेख आहे: दक्षिणेला आडवा छज्जा पुरतो, पश्चिमेला पुरत नाही. मावळतीचं ऊन तिरकं, छज्ज्याखालून सरळ आत घुसतं. तिथे उभ्या पट्ट्या, बाहेरची झडप किंवा उतरतं कापड हवं. (पश्चिमेला अख्खी काचेची भिंत देऊन मग दुप्पट ताकदीचा एसी सुचवणारे आराखडे अजूनही निघतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.)

ऊन अडवलं की मग गच्ची, मग वारा, मग पंखा. पंख्यालाही मर्यादा आहे. हवा 40 अंशांच्या वर गेली की तो गारवा देत नाही, उलट अंगावर झळ मारतो. तेव्हा एसी हवाच. पण एवढं सगळं केलेल्या घराला तो लहान पुरतो, आणि वीज गेली तरी काही तास दम निघतो.

याच ठिकाणी दुसऱ्या टोकाचे लोक 'जुनी जाड भिंतीची घरंच बरी' म्हणत येतात. तेही सरसकट खरं नाही. दिवस तापतो आणि रात्र गार होते अशा कोरड्या हवेत जाड भिंत उत्तम. जिथे हवा दमट आणि रात्रही उकडती, तिथे तीच भिंत दिवसभर साठवलेली उष्णता झोपायच्या वेळी अंगावर सोडते. तिथे हलकी भिंत, खोल छज्जे आणि समोरासमोरच्या खिडक्याच कामाच्या.

"पाडा आणि हरित बांधा"

नव्या इमारतीवर हरित असल्याची पाटी लागते ती तिच्या चालण्यावरून. ती उभी राहण्याआधीच जळून गेलेलं सिमेंट, सळई, काच आणि जुनीचा राडारोडा त्या पाटीत क्वचितच मोजला जातो. अमेरिकेतल्या नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन या संस्थेच्या 2011 च्या अभ्यासाचा निष्कर्ष असा: नवी इमारत जुनीपेक्षा काटकसरी असली, तरी बांधताना झालेलं हवामानाचं नुकसान भरून काढायला तिला 10 ते 80 वर्षं लागू शकतात. तेवढी सवड आपल्याकडे नाही.

फ्रान्समधल्या बोर्दो शहरात ग्रां पार्क वस्तीतल्या तीन सरकारी इमारती याला चांगलं उत्तर आहेत. 1960 च्या दशकातल्या, 530 घरांच्या. वास्तुविशारद आन लाकातों आणि ज्यां-फिलिप वासाल यांनी सहकाऱ्यांसह त्या पाडल्या नाहीत. दर्शनी बाजूला बाहेरून सुमारे 3.8 मीटर खोलीचा नवा पट्टा जोडला, त्यात काचबंद सज्जे आणि मोकळे छज्जे. घरं मोठी झाली, उजेड वाढला, ऊर्जेची गरज घटली, आणि काम चालू असताना माणसं आपापल्या घरातच राहिली. लाकातों आणि वासाल यांना 2021 चं प्रिट्झकर हे वास्तुकलेतलं मानाचं पारितोषिक मिळालं. 'कधीच पाडू नका' हा त्यांचा आग्रह मला थोडा टोकाचा वाटतो. जिचा गाभाच कुजला आहे अशी इमारत उतरवावीच लागते. पण मजकुरातला 'जुनी म्हणजे पाडा' हा सल्ला तपासणीच्या आधीच निकाल लावतो.

"गटारं मोठी करा"

2 जुलै 2011 रोजी डेन्मार्कच्या कोपनहेगनवर दोनेक तासांत सुमारे 150 मिलिमीटर पाऊस कोसळला. तळघरं भरली, रस्ते ओढे झाले. शहराने मग हिशेब केला: असा पाऊस नुसत्या गटारांनी वाहून न्यायचा तर खर्च अफाट. म्हणून 2012 च्या आराखड्यापासून पुढे गटारांच्या जोडीला बागा, चौक आणि रस्तेच पाणी धरतील किंवा वाहून नेतील अशी सुमारे 300 कामं ठरली. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या बेंथेमप्लाइन चौकात 2013 पासून एरवी मुलं खेळतात. पाऊस आला की त्याच खोलगट मैदानात सुमारे 17 लाख लिटर पाणी थांबतं आणि मग सावकाश सोडलं जातं.

घरापुरतं गणित सोपं आहे. 100 चौरस मीटर छपरावर 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे 5,000 लिटर. अशी 200 छपरं एकाच तासात एकाच गटारात ओतली की 10 लाख लिटर झाले. गटार लहान होतं हे खरंच, पण ते पाणी आपण सगळ्यांनी मिळून घाईने धाडलेलं असतं. टाकी, मातीचा पट्टा, पाणी झिरपू देणारी फरसबंदी, काहीही चालेल. पाण्याला तासभर अडकवून ठेवलं तरी त्या गटाराचं निभतं.

"गच्च्या पांढऱ्या करणं, झाडं लावणं हा विरंगुळा"

भर उन्हात गडद छप्पर 65 अंशांच्या पुढे जातं. ऊन परतवणारं छप्पर त्याहून 28 अंशांपर्यंत कमी तापतं. फायदा मुख्यतः सर्वांत वरच्या मजल्याला, हे मात्र मान्य. झाडांचं म्हणाल तर युरोपातल्या 93 शहरांच्या 2015 च्या उन्हाळ्याचा अभ्यास झाला आहे. वृक्षछाया शहराच्या 30 टक्के भागापर्यंत नेली असती तर सरासरी तापमान जेमतेम 0.4 अंशाने उतरलं असतं. हसण्यासारखा आकडा. पण शहरी उष्णतेमुळे झालेले सुमारे 6,700 मृत्यू होते, त्यातले 2,600 हून अधिक टळले असते असा त्याच अभ्यासाचा अंदाज आहे. फोटोपुरतं लावून पुढच्या उन्हाळ्यात पाण्यावाचून मेलेलं रोप मात्र विरंगुळाच.

"शेवटी यंत्रणाच वाचवते"

1995 च्या जुलैत शिकागोत उष्णतेच्या लाटेने नेहमीपेक्षा 739 जादा मृत्यू झाले. नंतर समाजशास्त्रीय अभ्यासात दोन लगतच्या वस्त्या ताडून पाहिल्या गेल्या, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. हवा तीच, गरिबी आणि एकट्या वृद्धांचं प्रमाण साधारण सारखं. पहिलीत मृत्युदर लाखामागे 40, दुसरीत 4. पहिलीतली दुकानं बंद पडली होती, रस्ते ओस होते, म्हातारी माणसं भीतीने दार लावून बसायची. दुसरीत रस्त्यावर वर्दळ होती. माणूस बाहेर पडायचा, आणि दोन दिवस दिसला नाही तर कोणाच्या तरी लक्षात यायचं.

बांगलादेशातही यंत्रणा आणि शेजार एकत्र आले तेव्हाच आकडे उतरले. 1970 च्या भोला चक्रीवादळात किमान 3 लाख माणसं गेली. 1991 च्या चक्रीवादळात सुमारे 1 लाख 38 हजार. त्यात बायका फार होत्या. इशारा कळूनही अनेकींनी घर सोडलं नाही, अनोळखी पुरुषांच्या गर्दीत निवारा घ्यायला त्या धजल्या नाहीत. नंतर निवारे वाढले, त्यात स्त्रियांसाठी वेगळी सोय झाली आणि दारोदार इशारा देणाऱ्या स्वयंसेवकांत बायकांची संख्या वाढवली गेली. 2020 च्या अंफान चक्रीवादळात बांगलादेशातले मृत्यू शंभराच्या आत राहिले. निवारे सरकारने आणि देणगीदारांनीच बांधले, ते शेजाऱ्यांच्या आवाक्यातलं काम नव्हतं. पण दार वाजवणारी बाई ओळखीची होती.

राहिली ती हिणवलेली बैठक. तिच्यात काय बोलायचं, तर सर्वांत वरच्या मजल्यावर एकटं कोण राहतं आणि त्याच्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे. कोणाचं औषध फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. वीज गेली तर इमारतीतली सर्वांत गार खोली कोणती, तिथे किती जण मावतील. तळघरात पाणी शिरायला लागलं की मुख्य स्विच कोण बंद करणार, आणि तो गावाला गेला असेल तर दुसरा कोण.