हंबरली कशाला?

पहाटे तीनला गोठ्यातून लांबलचक ‘हंबाऽऽ’ आला की वाळवा तालुक्यात आधी शेजारी जागा होतो. भिंतीपलीकडून विचारतो, “तात्या, गाय का वरडाय लागलीया?” तात्यांना ठाऊक असतं तर ते झोपले नसते का?

शब्दाकडून मदतीची आशा नको. संस्कृतात ‘हम्भा’ म्हणजे गायीचा आवाज, त्याला ‘रव’ जोडला की हम्भारव. आपलं हंबरणं त्याच गोतावळ्यातलं. थोडक्यात, गाय म्हणाली ते पंडितांनी जसंच्या तसं उतरवून घेतलं, कारण विचारायचं राहून गेलं. ते काम पंचा गुंडाळून, बॅटरी घेऊन आमच्याकडे आलं. वर हंबरडा माणसांनी ढापला तो वेगळाच.

माझा भरवसा तोंडावर. तोंड मिटून नाकातल्या नाकात ‘हंऽ’ चाललं असेल तर वासरू जवळ आहे, खुशाल झोपा. तोंड उघडून, मान ताणून ओरडत असेल तर कोणीतरी किंवा काहीतरी लांब आहे. इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या अभ्यासकांनी हे मोजलं: जवळच्या वासराशी बोलताना आवाजाची पट्टी साधारण ८१ हर्ट्झ, ताटातूट झाल्यावर १५३. गोठ्यात हर्ट्झ दिसत नाहीत, जबडा दिसतो.

मग आधी पाणी बघायचं. दुभती गाय दिवसाला ६०-७० लिटर सहज पिते, उन्हाळ्यात जास्तच, आणि टाकीचा फ्लोट नेमका रात्रीच अडकतो. मग गव्हाण. वासरू नुकतंच आईपासून तोडलं असेल तर दोन-तीन दिवस कान झाकून काढायचे, इलाज नाही.

पाणी आहे, वैरण आहे, वासरूही जागेवर आहे, तरी हंबरते? शेपटीखाली बॅटरी मारा. काचेसारखा स्वच्छ, तुटता न तुटणारा चिकट स्रावाचा सोट लोंबत असेल तर गाय माजावर आली, म्हणजे वळूसाठी तयार झाली. दूध घटतं, वैरणीत तोंड रमत नाही, सारखी थोडी थोडी लघवी होते. मोकळ्या गोठ्यात एक गाय दुसरीवर उडते आणि लोक उडणारीलाच धरून बांधतात. पक्की माजावर असते ती खाली मुकाट उभी राहणारी!

आता घाई नडते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, म्हणजे रेतन करून घ्यायचं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. आमच्याकडे मात्र हंबरडा ऐकताच डॉक्टरांना फोन. रेतनाची कांडी, म्हणजे वळूचं वीर्य भरलेली बारीक नळी, द्रव नत्राच्या टाकीत उणे १९६ अंशांवर असते. ती ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची असते. कुणी ती मुठीत चोळून गरम करतं, कुणी पाण्यात बोट घालून “बरं हाय” म्हणतं. थर्मामीटर घरात असतो, पण तो नातवाच्या तापासाठी. मग २१ दिवसांनी गाय उलटते, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येते, आणि दोष द्यायचा तर कांडीला, डॉक्टरांना, नाहीतर अमावास्येला. कॅलेंडरवर तारीख लिहिली असती तर विसाव्या दिवसापासूनच सावध राहता आलं असतं. पण त्या चौकटीत भिशीचा हप्ता लिहिलेला असतो.

एवढ्यावर कंटाळून कुणी म्हैस घेतो. म्हशीचा माज बहुतेकदा मुका, उन्हाळ्यात तर हूं की चूं नाही. तिच्यासाठी पहाटे तीनला आपणच उठायचं, आणि शेजारी विचारतो, “तात्या, आज बॅटरी घिऊन काय शोधताय?”