पावसात शॉक, घाटात दगा: त्या फॉरवर्डमधलं खरं किती?

चाकरमान्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘कोकणात इलेक्ट्रिक गाडी घेऊ नका. पावसात शॉक बसतो, घाटात बॅटरी दगा देते, वीज शेवटी कोळशाचीच, आणि परदेशी कंपन्यांनीही माघार घेतली.’

शॉकची भीती घालणाऱ्याने कोकण रेल्वे पाहिलेली दिसत नाही. रोहा ते ठोकूर या मार्गाचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. भर आषाढात २५ हजार व्होल्टच्या तारेखालून गाड्या धावतात आणि आपण आत बसून वडापाव खातो. कारमधली बॅटरी काही शे व्होल्टची, सीलबंद. तिची वीज गाडीच्या पत्र्याला जोडलेली नसते आणि गळती जाणवली की यंत्रणा पुरवठा तोडते. बॅटरीचा आयपी ६७ दर्जा म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. पण म्हणून कोणी पुरात गाडी घालू नये. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा पेट्रोल-डिझेलच्या गाड्याही वाचल्या नाहीत. उलट बुडालेली इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला तर अजिबात लावू नये. खाडीचं खारं पाणी शिरलं असेल, तर काही दिवसांनीही आग लागू शकते. मेसेजमध्ये हा खरा धोका नाहीच.

घाटाचं गणित घरी करता येतं. दीड टनाची गाडी सहाशे मीटर वर चढवायला नेहमीच्या खर्चावर साधारण तीन युनिट जादा लागतात. तीस युनिटच्या बॅटरीत तेवढ्याने दगा होत नाही. आंबा घाट उतरताना त्यातला बराच भाग परत मिळतो, पेट्रोलची गाडी तिथे नुसते ब्रेक तापवते. एवढंच की घाटमाथ्यावर बॅटरी शंभर टक्के भरून उतरू नका. भरलेल्या बॅटरीत परतीची वीज मावत नाही.

कोळशाचा मुद्दा मात्र निम्मा खरा. देशातली सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशावर होते. पोफळीला कोयनेची वीज बनते म्हणून आपली गाडी पाण्यावर चालते असं म्हणणाऱ्यांचंही खरं नाही, ग्रिडमध्ये सगळी वीज एकत्र होते. तरी हिशेब करा. युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड आणि युनिटला सहा किलोमीटर धरले, तर किलोमीटरला १२० ग्रॅमच्या आत. लिटरला पंधरा देणारी पेट्रोल गाडी दीडशेच्या वर, रिफायनरीचा धूर वेगळा. बॅटरी बनवतानाचं प्रदूषण वसूल व्हायला गाडी भरपूर चालावी लागते. वर्षातून गणपती आणि शिमग्यालाच बाहेर निघणारी गाडी इलेक्ट्रिक घेऊन हवामानाचं भलं होणार नाही, रेल्वेने या.

माघार? व्होल्वोने २०३० नंतर फक्त इलेक्ट्रिक विकण्याचं लक्ष्य २०२४ मध्ये सोडलं, हे खरं. पण त्याच वर्षी नॉर्वेत विकलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळजवळ ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या. वेग कमी झालाय, दिशा तीच आहे.

मेसेजमध्ये नसलेली अडचण मला जास्त छळते: लाइट. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडची गावं कित्येक दिवस अंधारात होती. पेट्रोल पंप जनरेटरवर चालतो, घरचा चार्जर नाही. किनाऱ्यावरच्या घरात एकच गाडी असेल आणि दवाखाना तासाभरावर, तर सध्या स्कूटर तेवढी इलेक्ट्रिक घ्या.