एमएच ३७० दिएगो गार्सियाला उतरलेलं नाही

आत्याने ते फॉरवर्ड पाठवलं आणि खाली विचारलं, "म्हणजे ती माणसं जिवंत असतील का रे?" मजकूर असा: मलेशियाचं एमएच ३७० हे प्रवासी विमान समुद्रात पडलंच नाही, अमेरिकेने ते हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावरच्या आपल्या लष्करी तळावर उतरवलं, प्रवाशांचे फोन नंतरही वाजत होते, सापडलेले तुकडे पेरलेले होते, चौकशी दडपली गेली. विमानातल्या २३९ जणांत पाच भारतीय होते, त्यांत मुंबई-पुण्याची माणसं होती. त्यांच्या घरच्यांच्या फोनवर हे पडलं तर काय होईल, याचा विचार पाठवणारा करत नाही, याचाच जास्त संताप येतो.

दिएगो गार्सियाचं आधी. ८ मार्च २०१४ ला विमान रडारवरून नाहीसं झाल्यावरही त्यातलं यंत्र इनमारसॅट या कंपनीच्या दळणवळण उपग्रहाशी संपर्कात होतं, अगदी मलेशियाच्या सकाळी ८:१९ पर्यंत. सिग्नल यायला लागलेल्या वेळेवरून उपग्रह आणि विमान यांच्यातलं अंतर काढता येतं. हा उपग्रह हिंदी महासागरावरच, विषुववृत्ताच्या वर होता. दिएगो गार्सिया त्याच्या जवळपास खालीच येतं. विमान तिथे असतं तर सिग्नल कितीतरी लवकर पोचला असता. नोंदलेल्या शेवटच्या वेळेतून नकाशावर जी कमान निघते, म्हणजे विमान तेव्हा जिच्यावर कुठेतरी असणार ती रेषा, ती त्या बेटापासून हजारो किलोमीटर लांबून जाते. हे एकच गणित अख्ख्या फॉरवर्डला पुरेसं आहे, आणि ते अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियाच्या तज्ज्ञांनी तपासलेलं आहे.

फोन वाजण्याचं म्हणाल, तर समोरचा फोन सापडायच्या आधीच नेटवर्क आपल्याला रिंग ऐकवू शकतं. सहवैमानिकाच्या मोबाइलची पेनांगजवळच्या टॉवरवर नोंद झाली, हे खरं. पण ती त्याच रात्री १:५२ ला, विमान तिथून जात असताना, आणि कॉल झालाच नाही.

तुकडे पेरलेले? जुलै २०१५ मध्ये रियुनियन बेटावर सापडलेला पंखाचा भाग फ्रेंच तपासाने आतल्या क्रमांकांवरून याच विमानाचा म्हणून ओळखला.

चौकशीवरचा राग मात्र अगदीच खोटा नाही, हे मान्य करावं लागतं. मागे वळलेलं विमान लष्करी रडारवर उमटलं होतं, तरी पहिले काही दिवस दक्षिण चीन समुद्रात शोध चालला. २०१८ च्या अहवालात हवाई नियंत्रकांच्या चुका आल्या आणि मलेशियाच्या नागरी विमान वाहतूक प्रमुखांना राजीनामा द्यावा लागला. पण विमान नाहीसं होण्याचं खरं कारण ठरवता आलं नाही, तिसऱ्या कुणाचा हस्तक्षेपही नाकारता येत नाही, हे त्याच अहवालात उघड छापलेलं आहे; याला दडपणं म्हणत नाहीत.