‘केमिकलचा घडा भरतो’ म्हणे! त्या मेसेजला उत्तर

गल्लीच्या ग्रुपवर मेसेज फिरायलाय की शाम्पू, फिनेल, डिओतली केमिकल अंगात साठत जातात, एक दिवस घडा भरतो आन् मग साध्या वासानं पण डोकं धरतं, अंगाला खाज सुटते. उपाय काय, तर २१ दिवस काढा प्यायचा आणि घरात सगळं ‘नैसर्गिक’ आणायचं. चांगली शिकलेली माणसं पुढं ढकलायलेत म्हणून लिहितो.

घडा कसला भरतोय? काळ्या हेअर डायचं बघा. त्यात बऱ्याचदा पीपीडी नावाचं केमिकल असतंय, माणूस वर्षानुवर्षं लावतो काय होत नाही, आणि एका खेपेला दुसऱ्या दिवशी पापण्या सुजून डोळे उघडत नाहीत, कानामागं पाणी सुटतं. हे पीपीडी साठून नव्हं, रोगप्रतिकारशक्तीनं ते ओळखून ठेवलं म्हणून, आणि एकदा ओळखलं की पुढं जरासं पण पुरतंय, बहुतेकांना जन्मभर. काढ्यानं ती ओळख पुसत नाही. रक्त तपासून पण कळत नाही, त्याला स्किनच्या डॉक्टरकडं पॅच टेस्ट करायची: पाठीवर पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढतात, परत एक-दोन दिवसांनी बघतात, आणि तोवर पाठ भिजवायची नाही (एप्रिल-मे मध्ये ही खरी शिक्षा).

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे बिब्बा उतलेल्या माणसाला सांगून बघा. नाहीतर गाजर गवत उपटून ज्याचे हात-मान फुटलेत त्या शेतकऱ्याला.

आता वासाचं. इथं मेसेजवाले पण चुकायलेत आणि ‘नखरे आहेत तिचे’ म्हणणारे पण. नुसत्या सेंटनं ज्यांचं डोकं उठतं त्यातल्या बऱ्याच जणांना ॲलर्जी नसतेच, काहींना मायग्रेन असतं, काहींची झोंबणं ओळखणारी नसच जादा जागी असते, त्यांना मिरचीतलं कॅप्सेसिन हुंगवलं तर इतरांपेक्षा कमी मात्रेतच खोकला लागतो. २००६ साली ३७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, त्यात वास झाकून दिला तर केमिकल कुठलं आणि साधी हवा कुठली हे लोकांना नीट ओळखता येत नव्हतं, त्रास मात्र साध्या हवेनं पण व्हायचा. ढोंग नव्हं हे, डोकं खरंच दुखतंय, फक्त कारण रक्तात साठलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मेसेजमध्ये पाहिजे होती ती राहिली. २०१९, २०२१ च्या महापुरानंतर आपण घरं ब्लीचिंग पावडरनं धुतली. त्यात संडासचं ॲसिड मिसळलं की क्लोरीन सुटतो, आणि असा एकच मोठा झटका बसला तरी दमा मागं लागू शकतो, मग फिनेल, उदबत्ती कायच सोसत नाही. असं झालं असेल तर आधी छातीच्या डॉक्टरकडं जाऊन फुंकायची टेस्ट करून घ्या, काढा नंतर प्या हवा तर.