शंभर रुपयांचं इंजेक्शन, मीठ आणि फुफ्फुसाचा कॅन्सर

'टाटा हॉस्पिटलचा शोध! भूल द्यायच्या शंभर रुपयांच्या इंजेक्शननं कॅन्सर थांबतो. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये पेशींवर सोडियम चॅनेल वाढलेले असतात. तेव्हा हे इंजेक्शन घ्या, मीठ बंद करा, केमोच्या भानगडीत पडू नका.' अशा आशयाचा मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरतोय. थोडं खरं असल्यामुळेच तो पटकन पटतो.

शोध खरा, पण स्तनाच्या कॅन्सरवरचा. टाटा हॉस्पिटलचे कॅन्सर सर्जन डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखालची ही चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. सुमारे १,६०० स्त्रियांपैकी निम्म्या जणींना ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन, म्हणजे तेवढीच जागा बधिर करणारं औषध, टोचलं. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन न घेतलेल्यांत ८६.४ टक्के, तर घेतलेल्यांत ९०.१ टक्के भरलं. एवढ्या स्वस्त औषधाच्या मानानं हे यश मोठंच. पण गाठ काढली सर्जननं, आणि ज्यांना पुढे केमो लागत होती त्यांना ती दिलीच गेली. मेसेजनं नेमकं हेच गाळलंय. फुफ्फुसाचा कॅन्सर तर बहुतेकदा पसरल्यावरच कळतो. तिथे ऑपरेशनच होत नसेल, तर 'ऑपरेशनआधी गाठीभोवती' टोचणार कुठे? दंडात टोचून घ्यायची ही गोष्ट नव्हे. लिग्नोकेन जास्त झालं तर झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात.

आता चॅनेल. ही पेशीच्या पडद्यावरची, सोडियम आत सोडणारी प्रथिनांची दारं; लिग्नोकेन तीच अडवतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या काही फुफ्फुस-कॅन्सर पेशींत सोडियम चॅनेल चालू असतात आणि ते अडवले की पेशींची आजूबाजूला घुसण्याची ताकद कमी होते, इथपर्यंत बरोबर. पण बायोप्सीच्या, म्हणजे गाठीतून काढलेल्या तुकड्याच्या, काचपट्टीवर चॅनेल दाखवणारा तपकिरी रंग चढला, तर तिथे ते प्रथिन आहे एवढंच समजतं. ते उघडतं का, त्यातून सोडियम आत जातो का, हे पाहायला जिवंत पेशीला केसाहून बारीक काचेची नळी चिकटवून विद्युतप्रवाह मोजावा लागतो. मेणात घातलेल्या तुकड्यावर ते जमत नाही. शिवाय हेच चॅनेल नसांत आणि हृदयातही असतात. सरसकट बंद केले तर पेशंटच जायचा.

मिठाचा सल्ला सगळ्यात घातक. रक्तातला सोडियम मूत्रपिंडं लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोलच्या दरम्यान धरून ठेवतात. आमटी अळणी केल्यानं पेशीवरचा चॅनेल मिटत नाही. उलट फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या स्मॉल सेल प्रकारात कधी कधी गाठ स्वतःच एक हार्मोन सोडते, शरीरात पाणी साठतं आणि सोडियम घसरतो. माणूस बरळायला लागतो, घरच्यांना वाटतं अशक्तपणा आहे. अशा पेशंटचं मीठ तोडणं म्हणजे आगीत तेल.

आणखी एक. काही पेशींत सोडियम चॅनेल वाढवण्यामागे ईजीएफआर या, पेशीला वाढीचा निरोप पोचवणाऱ्या रिसेप्टरचा हात असल्याचं दिसलंय. या ईजीएफआरच्या जनुकात बदल सापडला, तर फुफ्फुसाच्या कॅन्सरवर सिद्ध झालेल्या गोळ्या आज मिळतात, जेफिटिनिबसारख्या. ती तपासणी बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर होते. ऑन्कॉलॉजिस्टला, म्हणजे कॅन्सरतज्ज्ञाला, विचारायचंच असेल, तर ती झाली का, ते विचारा.