मास्तर, एक विचारू?

आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या कॅम्पेनचा, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या गोष्टीचा, मठाधिपती दोनशे वर्षांपूर्वीच मेलेला आहे, हे रहस्य मी कित्येक महिने पोटात ठेवून होतो. परवा ते फुटलं. फोडलं कोणी, तर खेळात नसलेल्या माणसाने, चष्मा पुसता पुसता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलाभोवती बसून चौघंपाचजण एकेक पात्र होतात, फासे टाकतात आणि उरलेलं सगळं जग एकटा डंजन मास्टर चालवतो. तो मी. आमचा मठाधिपती म्हणजे लिच, अर्थात स्वतःच्या जादूने मरणाला टांग मारलेला मांत्रिक. लिचला टिकून राहायला माणसांचे आत्मे लागतात. पार्टीने, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीने, राक्षसांच्या तावडीतून सोडवलेले लोक हा गोड बोलून मठात ‘आसऱ्याला’ ठेवून घ्यायचा. म्हणजे त्याचा शिधा हीच मंडळी पोहोचवत होती. काय ट्विस्ट होता! अजून आठवलं की माझाच मला अभिमान वाटतो.

तर आमच्यातल्या चोराचे, म्हणजे चोराचं पात्र खेळणाऱ्या मित्राचे, सासरे त्या दिवशी सोबत आले होते. दोघांना पुढे कुठेतरी जायचं होतं, म्हणून काका कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिले. सगळी नोकरी हिशेबतपासणीत गेलेली. बराच वेळ गप्प होते. मग मठाधिपतीने पार्टीला मोहरांची थैली दिली आणि काकांनी चष्मा काढला.

“मास्तर, एक विचारू?”

“विचारा ना, काका.”

“या मठाला जमीन किती?”

“जमीन नाही. उंच कड्यावर आहे तो.”

“मग भाविक येत असतील.”

“नाही हो, रस्त्यात राक्षस आहेत. म्हणून तर यांना बोलावलंय.”

“म्हणजे आवक शून्य. आणि दर खेपेला पाचशे मोहरा जावक.” काकांनी काच पुसली. “बरं, ती सोडवून आणलेली माणसं. त्यांच्या खाण्यापिण्याचा खर्च कुठे दिसत नाही.”

“काका, ही गोष्ट आहे.”

“गोष्टीत माणसांना भूक लागत नाही?”

टेबल चिडीचूप. आमची जादूगारीण, जी एरवी स्वतःची पाळी आली तरी फोनमधून मान वर काढत नाही, ती म्हणाली, “खरंच, ती माणसं आहेत कुठे?”

“आत गेल्याची नोंद आहे, बाहेर आल्याची नाही,” काका म्हणाले. “मास्तर, हा मठाधिपती स्वतः तरी जेवतो का?”

मी वेळ काढायला इनसाइटचा, म्हणजे समोरच्याच्या मनातलं ओळखण्याचा, रोल मागितला. यशासाठी मनाशी पंचवीसचा आकडा धरला होता. आमच्या बार्बेरियनचं, म्हणजे रांगड्या लढवय्याचं, इनसाइट उणे एक, म्हणजे पडलेल्या आकड्यातून एक वजा, त्यामुळे मी निर्धास्त. वीस बाजूंच्या फाशावर वीस पडण्याची शक्यता पाच टक्के. त्याला वीसच पडले. आता नियम स्पष्ट आहे: वीस पडले की हल्ला हमखास लागतो, पण अशा तपासणीत आपोआप यश मिळत नाही, वीस वजा एक एकोणीस, विषय संपला. मी हे सांगितलंसुद्धा. कोणी ऐकलं नाही. काका म्हणाले, “वीस आले की! आणखी किती हवेत?” तो फासा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता.

हे दुखणं खेळाइतकंच जुनं आहे म्हणा. गायगॅक्स आणि आर्नेसनचा डंजन्स अँड ड्रॅगन्स 1974 साली आला. त्याआधी, 1969 मध्ये, अमेरिकेतल्या डेव्हिड वेस्ली नावाच्या गृहस्थाने ब्राउनस्टाइन या काल्पनिक जर्मन गावाचा युद्धखेळ मांडला आणि प्रत्येकाला वेगळी भूमिका, वेगळा हेतू दिला. लढाई राहिली बाजूला; खेळाडू एकमेकांशी कट शिजवत बसले, दोघांनी तर द्वंद्वच पुकारलं. वेस्लीला वाटलं, खेळ पार फसला. खेळाडूंना मात्र तो भयंकर आवडला. मास्तर कपाळाला हात लावून बसलाय आणि बाकीचे खूश, ही परंपरा तेव्हापासूनची.

आणि मी काय धागे सोडले नव्हते? जाणकार सांगतात, खेळाडूंनी एखादा निष्कर्ष काढावा असं वाटत असेल तर त्याचे निदान तीन पुरावे पेरा. पेरले. मठाधिपतीच्या अंगठीवर बुडालेल्या राजघराण्याची मुद्रा होती. चोराने ती विकली तर किती येतील एवढंच विचारलं. मठातली घंटा कधी वाजत नसे. कोणाला काही वाटलं नाही. कुत्रं मठाचा उंबरा ओलांडत नव्हतं. पार्टीने ते कुत्रं पाळलं आणि त्याला बाहेर घर बांधून दिलं, त्यात एक अख्खं सेशन गेलं.

पण खरी चुटपुट क्लेरिकची, म्हणजे जखमा बऱ्या करणाऱ्या पुजारणीची. ही मुलगी टेबलावर फारशी बोलत नाही. बाकीच्यांच्या बॅकस्टोऱ्या लांबलचक, हिने एकच ओळ दिली होती: ‘लहानपणी भाऊ हरवला.’ त्या ओळीवर मी तिचा प्रसंग उभा केला होता. मठाचा मुखवटेवाला सेवक, झटापटीत सुटणारा मुखवटा, आत भावाचा चेहरा. काकांच्या ऑडिटनंतर लढाई अवेळी पेटली, तरी मी मुखवटा पाडला. आवाज खाली आणून वर्णन केलं. डाव्या भुवईवरचा व्रणसुद्धा सांगितला.

“तू काय करतेस?”

“मी हील करते.”

“कोणाला?”

“कोणाला लागलंय?”

तेवढ्यात बार्बेरियनने त्या सेवकाला कड्यावरून ढकललं.

बरं, हे सगळं मी कशासाठी करतो? सेशनच्या दिवशी दुपारी ‘आज जमत नाहीये रे’ असा मेसेज येतो. स्वतःच्या पात्राला कोणती जादू येते हे लोक मला विचारतात. एकदा वैतागून म्हटलं, पुढचं कॅम्पेन दुसऱ्या कोणीतरी चालवा, तर सगळे आपापल्या फाशांकडे बघायला लागले. आणि परवा निघताना एकानेही ‘ट्विस्ट भारी होता’ म्हणू नये? सगळे काकांभोवती गोळा.

काल चोराचा फोन आला. काकांना पात्र हवंय. तलवार नको, जादू नको, राजाच्या खजिन्याची वही पाहता येईल असं काहीतरी. बाकीच्यांनी मला न विचारताच होकार कळवलाय. पुढच्या भागातला राजा दयाळू आहे, प्रजेवर एक पैसा कर लावत नाही आणि पदरी प्रचंड फौज बाळगतो. हे मी फार पूर्वीच ठरवून ठेवलंय, त्यातच पुढचा ट्विस्ट आहे. सध्या मी त्याच्या राज्यात एक चांदीची खाण खणतोय.