भाडेकरूने पावती मागितली म्हणून

रत्नागिरीत नाचणे रोडला माझ्या चुलतभावाचा फ्लॅट आहे. तिथे राहणाऱ्या नर्सबाईंचं भाडं दादाने मधेच दोन हजारांनी वाढवलं. बाईंनी पावती आणि करार मागितला. झालं! घरच्या ग्रुपवर एकच सूर: "भाडेकरू शेफारलेत. परवडत नसेल तर जावं."

जावं कुठे? करार दादाने नोंदवलेलाच नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं की लेखी करार नोंदवायची जबाबदारी मालकाची, आणि लेखी नोंदणीकृत करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या. एवढं लिहिलं, तर दादा म्हणाला, "अमेरिकेतून कायदा शिकवू नकोस."

का नको? न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली आमची बिल्डिंग रेंट स्टॅबिलाइज्ड, म्हणजे भाडेवाढीवर सरकारी बंधन असलेली आहे. लीज रिन्यू करताना किती टक्क्यांपर्यंत वाढ ते शहराचं भाडे बोर्ड ठरवतं, मालक नाही. मी सरकारकडून फ्लॅटची रेंट हिस्टरी, म्हणजे जुन्या भाड्यांची नोंद मागवली, तर आधीच्या भाडेकरूचं नोंदलेलं भाडं आणि माझं भाडं यांचा मेळच बसेना. मालक म्हणे किचन नवं केलं म्हणून वाढवलं. स्टोव्ह तर तोच जुनाट! ठोकली तक्रार. २०१९ च्या कायदाबदलानंतर मागच्या सहा वर्षांपर्यंतची जादा वसुली परत मागता येते, आणि ती मुद्दाम केली नाही हे मालकाला पटवता आलं नाही तर तिप्पट भरावी लागते. सुपर, म्हणजे बिल्डिंगची देखभाल करणारा मालकाचा माणूस, अजूनही लिफ्टमध्ये हसून बोलतो. शेफारलो म्हणून कुणी ओरडलं नाही.

अशा तक्रारींचा निकाल लागायला वर्षं जातात, हे मात्र ग्रुपवर लिहिलं नाही. त्यांच्या हातात आयतं कोलीत कशाला द्या?

दादाचं दुखणं दोन हजारांचं नाही, हे मलाही कळतं. आमच्याकडे भाडेकरू म्हटलं की कूळ आठवतं. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला कसणारा जमिनीचा मालक झाला; आमच्या घरात ती तारीख अजून सुतकासारखी निघते. आजोबांनी खंड घेतला, नांगराला हात लावला नाही, हे कुणी बोलत नाही.

आणि मी? पावसचं आमचं घर बंदच असतं. एका शिक्षकाने ते भाड्याने मागितलं, तेव्हा "घुसला की निघायचा नाही" असं फोनवर मीच म्हणालो. उद्या पुन्हा विचारलं तरी नाहीच म्हणेन. इथे माझ्या नावावर लीज आहे, ती संपते. तिथे सातबारा आहे.

दादाला हे ठाऊक आहे. ग्रुपवर तो ते काढत नाही, हा त्याचा मोठेपणा. पण म्हणून कलम ५५ बदलत नाही.